पाचशेच्या आतली खरेदी: काय घ्यायचं, कसं वापरायचं, कुठं बिघडतं

पाचशे रुपयांच्या आत मिळणाऱ्या बहुतेक वस्तू वर्षभरात माळ्यावर जाऊन पडतात. ज्या खरोखर वसूल होतात, त्या घरात आधीपासून असलेल्या दुसऱ्या एखाद्या वस्तूला धडपणे चालवतात. सुरीला दगड, चपलेला तेल, कुकरला रिंग, शेगडीला पाइप. स्वतः मिरवायला त्यांच्याकडे काही नसतं, त्यामुळे दुकानातही त्या मागच्या फळीवर असतात आणि मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही.

यांतली एकही वस्तू नुसती आणून भागत नाही. पहिल्या अर्ध्या तासात ती नीट वापरायला जमली तर पुढची पाच वर्षं उपयोगी, नाही तर पैसे पाण्यात. म्हणून खाली प्रत्येक वस्तूबरोबर कृती दिली आहे. किमती ढोबळ आहेत. दुकानागणिक पन्नास-शंभरचा फरक धरून चाला.

धारेचा दगड

सगळ्या यादीतून एकच वस्तू घ्यायची असेल तर ही घ्या. बोथट सुरी टोमॅटोवरून घसरते आणि बोटावर येते. जोर जास्त लागतो म्हणूनच ती धारदार सुरीपेक्षा धोक्याची.

हार्डवेअरच्या दुकानात ‘कॉम्बिनेशन स्टोन’ मागितला की साधारण 8 इंच लांब, 2 इंच रुंद आणि 1 इंच जाड असा करडा दगड मिळतो. एक बाजू खरखरीत, दुसरी बारीक. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात कारखान्यांना हत्यारं पुरवणाऱ्या दुकानांत तो हमखास असतो, दोन-तीनशेच्या घरात. पण हा दगड मुळात पटाशी, रंधा, विळा-कोयत्यासाठी. त्याची बारीक बाजूही स्वयंपाकाच्या सुरीला जराशी भरडच. फक्त घरच्या सुऱ्यांसाठी घ्यायचा असेल तर 400 आणि 1000 नंबरचा पाण्यावर चालणारा दगड पाहा. नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. 6000 नंबरच्या गुळगुळीत दगडावर घरच्या सुरीसाठी पैसे घालायची गरज नाही.

कृती अशी:

1. दगड पाण्यात बुडवा. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, म्हणजे साधारण दहा मिनिटं. मग ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे ओट्यावर सरकणार नाही.

2. कोन ठरवा. स्वयंपाकाच्या सुरीला 15 ते 20 अंश लागतात. कोनमापक नको. पातं 4 सेंटिमीटर रुंद असेल तर सुरीची पाठ दगडापासून सव्वा सेंटिमीटर वर धरा. 2 सेंटिमीटरच्या छोट्या सुरीला सहा मिलिमीटर. सुरुवातीला तेवढ्या उंचीची नाण्यांची चळत शेजारी ठेवली की डोळ्याला अंदाज बसतो.

3. भरड बाजूवर पात्याची एकच बाजू घासा, मुठीकडून टोकाकडे. दाब हाताच्या वजनाइतका. दोन-चार वेळा घासून लगेच पालटू नका.

4. दुसऱ्या बाजूला ‘बर’ आली का पाहा. उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या कोणालाही हा शब्द माहीत असतो: धातू घासला की कडेला उलटून आलेली बारीक खरखर. अंगठा पाठीकडून धारेकडे आडवा, हलकेच न्या. धारेच्या लांबीत फिरवू नका. मुठीपासून टोकापर्यंत सलग बर लागली म्हणजे ती बाजू झाली. कुठे लागली नाही, तर तिथे अजून धार पोहोचलेली नाही.

5. आता दुसरी बाजू, पुन्हा बर येईपर्यंत. मग बारीक दगडावर तेच. शेवटी एकदा ही बाजू, एकदा ती, असे आठ-दहा अगदी हलके हात. बर इथेच निघते.

6. जुन्या चामडी पट्ट्यावर किंवा वर्तमानपत्राच्या घडीवर पातं पाठीच्या दिशेने ओढून घ्या. धारेच्या दिशेने ढकललं तर कागद कापला जाईल.

पिकलेला टोमॅटो जोर न देता, नुसत्या वजनाने कापला गेला पाहिजे. नाही कापला तर शंभरातल्या नव्वद वेळा कारण एकच असतं: चौथी पायरी अर्धवट सोडली. दुसरं कारण म्हणजे घासताना मनगट डोलतं, कोन बदलतो आणि धार गोल होते. वेग कमी करा, मनगट आवळून धरा आणि हात खांद्यातून हलवा.

दगडावर एकदा खोबरेल किंवा मशीनचं तेल घातलं की त्याची छिद्रं बुजतात आणि पुढे पाणी शोषलं जात नाही. तेव्हा पाणी किंवा तेल, काय ते पहिल्याच दिवशी ठरवा आणि तेच ठेवा. वापरून मध्ये खोलगट झालेला दगड 120 नंबरच्या वॉटर पेपरवर सपाट करता येतो. पेपर काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवून ओल्यानेच घासा. दातेरी पावाची सुरी मात्र या दगडावर घेऊ नका.

विळीचं तंत्र उलटं. पातं पाटाला पक्कं असतं आणि वाकडंही, म्हणून इथे दगड हलतो, विळी नाही. छोटा, हातात मावणारा दगड घ्या, पाटावर पाय घट्ट ठेवा आणि दगड पात्याच्या पाठीकडून धारेकडे, धारेपलीकडे निसटेल असा ओढा. बोटं कायम दगडाच्या वरच्या अंगाला. विळी लोखंडी असेल तर काम झाल्यावर पुसून तेलाचं बोट फिरवा. पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरतो.

आणि धार लावलेली सुरी ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चालवायची असेल तर दगड घेऊच नका. आधी लाकडी पाट घ्या.

चपलेसाठी एरंडेल, ब्रश आणि रबरी तळ

कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, किमतीही वाढल्या. पण चप्पल सांभाळायची पद्धत चप्पल लाइनीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, फार कमी गिऱ्हाइकं विचारतात. चांगल्या जोडासाठी हजार-दोन हजार मोजून पहिल्याच वळवाच्या पावसात तो फुगवून टाकणं इथं नित्याचं आहे.

हे चामडं हिरडा, बाभळीची साल अशा झाडपाल्यात कमावलेलं असतं आणि त्यावर प्लास्टिकसारखा लेप नसतो. त्यामुळे ते पायाचा आकार घेतं, आणि त्यामुळेच पाणीही पितं. तळ चामड्याचा, शिवण चामड्याच्या वादीची. तळ भिजून फुगला की वादी ताणली जाते आणि वाळल्यावर ढिली राहते. चप्पल उसवते ती अशी.

घ्यायचं काय? 100 मिलिलिटर एरंडेल, एक मऊ केसांचा बुटाचा ब्रश. दोन्ही मिळून दीड-दोनशे. आणि शक्य असेल तर जोड नवा असतानाच चांभाराकडून तळाला तीन मिलिमीटर जाड रबरी पट्टी. रबर लावल्याने चपलेची शान जाते असं म्हणणारे आहेत. रोज डांबरी रस्त्यावर चालायचं असेल तर त्यांचं ऐकू नका.

तेल देताना आधी कोरड्या ब्रशने धूळ झाडा, विशेषतः पट्ट्याच्या वेणीतली. धुळीवर तेल लावलं तर तिचा चिखल होऊन कायमचा बसतो. मग पिळलेल्या फडक्याने पुसून सावलीत पूर्ण वाळू द्या. तेल बाटलीतून थेट ओतायचं नाही. सुती फडक्यावर घ्या, एका चपलेला अर्धा चमचा पुरे. पहिल्यांदा तळव्याखालच्या न दिसणाऱ्या जागी लावून पाहा, कारण रंग एक छटा गडद होतोच. रात्रभर ठेवून सकाळी कोरड्या फडक्याने पुसा. रोजच्या वापरात दोन-तीन महिन्यांतून एकदा एवढं बास.

चुका बहुतेक जास्तीच्या असतात. तेल जास्त पाजलं की चामडं सैल पडतं, चपलेचा अंगठा ताणतो, धूळ चिकटते आणि पांढऱ्या धोतराला किंवा पायजम्याला डाग लागतात. मोहरीच्या तेलाचा वास जात नाही. खोबरेल लावणारे पुष्कळ, पण ते पुढे खवट होतं. बुटाचं काळं-तपकिरी पॉलिश तर या चामड्याला नकोच.

नवीन चपलेचा अंगठा लागतो तेव्हा तेल फक्त अंगठ्याच्या आणि पट्ट्याच्या आतल्या बाजूला लावा आणि पहिले काही दिवस घरातल्या घरात वीस-वीस मिनिटं घाला. पहिल्याच दिवशी रंकाळा तलावाला फेरी मारायला जाऊ नका.

चप्पल भिजलीच तर पाणी टिपून घ्या, पट्ट्यांखाली वर्तमानपत्राचे बोळे घाला, तासाभराने बोळे बदला आणि पंख्याखाली, उभी टेकून वाळवा. ऊन, चूल, इस्त्री, हेअर ड्रायर यांतलं काहीही चालत नाही. ओल्या चामड्याला उष्णता लागली की ते आक्रसतं आणि कडक होऊन भेगाळतं. पूर्ण वाळल्यावर मगच तेल. जून ते सप्टेंबर जोड कापडी पिशवीत, हवेशीर जागी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी येते. आलीच तर बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, व्हिनेगर आणि पाणी निम्मेनिम घेऊन पिळलेल्या फडक्याने पुसा, वाळवा, तेल द्या.

रबर लावून घेताना दोन गोष्टींवर नजर ठेवा. चामडं कोरडं हवं आणि खरवडलेलं हवं. सोल्यूशन दोन्ही पृष्ठभागांना लावून दहा-पंधरा मिनिटं, बोटाला चिकटण्यापुरतं सुकेपर्यंत थांबायचं, मग ठोकून बसवायचं. घाईत ओलं सोल्यूशन चिकटवलं की महिन्याभरात टोकाकडून तोंड उघडतं.

चटणीचा काटा आणि छोटी बरणी

इथे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला, हे बाहेरच्या वाचकांसाठी. वर्षाची चटणी डंकावर कुटून आणायची तर त्यात ब्याडगी, संकेश्वरी, जवारी मिरची, खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला अशी मोठी यादी असते, आणि दरवर्षी चव वेगळी येते ती बहुतेक वजनामुळे. मिरची देठासकट मोजली की देठ काढून, वाळवण्याआधी की नंतर, यावरच मिठाचा आणि लसणाचा हिशेब बदलतो. मिरची वाळवून, देठ काढून मगच मोजा. मीठ, लसूण आणि खोबरं त्या वजनाच्या प्रमाणात लिहून ठेवा. पुढच्या वर्षी बदलायचं झालं तर एकच गोष्ट बदला.

5 किलोपर्यंतचा, 1 ग्रॅम दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा तीन-चारशेत मिळतो. आणल्यावर तपासून घ्या. सध्याचं दोन धातूंचं 10 रुपयांचं नाणं 7.71 ग्रॅमचं असतं; अशी दहा नाणी ठेवली की 77 दिसायला हवेत, एखाद्या ग्रॅमचा फरक चालेल. जड वजनासाठी मिठाचा न फोडलेला किलोचा पुडा ठेवा; प्लास्टिकचे दोन-चार ग्रॅम जास्त दिसतील.

स्वस्त काट्यांची एक खोड माहीत असायला हवी. भांडं ठेवून शून्य केलं आणि लवंगा एक-एक करून टाकत गेलं, तर आकडा हलतच नाही. काटा बिघडलेला नसतो. शून्याजवळचा अगदी बारीक बदल तो स्वतःच पुसून टाकतो, म्हणजे आकडा उगाच नाचू नये. यावर उपाय सोपा आहे: लवंग, दालचिनी, वेलदोडे वेगळ्या वाटीत आधी जमा करा आणि वाटी एकदम काट्यावर ठेवा. शेजारी मिक्सर चालू असेल किंवा डोक्यावर पंखा जोरात असेल तरी आकडा डळमळतो. महिनोन् महिने वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. पाझरलेल्या सेलने पत्र्या गंजतात.

काट्यापेक्षाही स्वस्त आणि कधीकधी जास्त उपयोगी वस्तू म्हणजे घट्ट झाकणाची पाव किलोची काचेची बरणी. मोठी बरणी रोज उघडली की पावसाळ्यातली दमट हवा रोज आत जाते. त्यातून गोळे आणि गोळ्यांतून बुरशी. महिन्यातून एकदा, पाऊस उघडलेल्या दिवशी, कोरड्या चमच्याने छोटी बरणी भरा. मोठीत चटणी दाबून भरा, वर हिंगाचे खडे ठेवा, तोंडाला कापड बांधा आणि ती ओट्यापासून लांब, वाफ लागणार नाही अशी ठेवा.

कुकरची रिंग, वॉल्व्ह आणि गॅसचा पाइप

मटण शिजायला आठ शिट्ट्या लागायला लागल्या की दोष मटणाला देतात. बहुतेक वेळा रिंग गेलेली असते. झाकणाच्या कडेने वाफ येणं, शिट्टी उशिरा होणं, कडेला पाण्याचे थेंब, ही लक्षणं. कुकर वातावरणाच्या वर साधारण एक किलो दाब धरतो म्हणून आतलं पाणी 120 अंशांच्या आसपास पोहोचतं. वाफ कडेने गळली की ते तापमान येत नाही आणि गॅस मात्र जळत राहतो.

नवी रिंग घेताना कुकरची कंपनी, लिटर आणि झाकण आतलं की बाहेरचं, हे तिन्ही जुळलं पाहिजे. जुनी रिंग सोबत न्या, पण मापासाठी तिच्यावर पूर्ण विसंबू नका, ती ताणलेली असते. घरी धुऊन झाल्यावर रिंग झाकणात लावून ठेवू नका. सुटी, सपाट ठेवा.

सेफ्टी वॉल्व्हही तेव्हाच बदला, तो रिंगेहूनही स्वस्त. आत कमी तापमानाला वितळणारा धातू असतो. पाणी संपून कुकर तापला की तो वितळतो आणि वाफ निघून जाते. वितळलेल्या वॉल्व्हला डाग देऊन पुन्हा लावणं हा जिवाशी खेळ आहे. शिट्टीची नळी दर आठवड्याला उजेडाकडे धरून बघा. डाळीचा फेस अडकलेला असेल तर सुईने काढा. डाळ-तांदूळ अर्ध्यापर्यंत, बाकी काहीही दोन तृतीयांशच्या वर नाही.

गॅसचा पाइप आयएस 9573 आणि आयएसआय चिन्ह असलेलाच घ्या, गॅस एजन्सीकडून मिळतो. आत तारेची जाळी असते, त्यामुळे जुन्या वाड्यांतल्या उंदरांना तो सहज कुरतडता येत नाही. त्यावर तारीख छापलेली असते आणि 5 वर्षांनी तो बदलायचा असतो, वरून चांगला दिसला तरी. आजच वाकून ती तारीख वाचा.

बदलताना शेगडी पेटती ठेवून रेग्युलेटर बंद करा, म्हणजे पाइपमधला उरलेला गॅस जळून जातो. ज्योत विझली की शेगडीचे कॉकही बंद करा, रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावा, खिडक्या उघडा. जुना पाइप पिळत ओढून काढा. सुरीने कापू नका, नोजलला चरा पडला तर तिथून गळती होते. नव्याचं टोक मिनिटभर गरम पाण्यात धरलं की मऊ पडतं. आतलं पाणी पुसून नोजलच्या शेवटच्या कड्यापर्यंत ढकला. तेल किंवा साबण लावू नका, पाइप पुढे निसटतो. क्लिप असेल तर पाइप दबेल इतकीच आवळा, चिरेल इतकी नाही. पाइप बर्नरच्या मागून किंवा भिंतीतून गेलेला नसावा, पूर्ण लांबी डोळ्यांना दिसली पाहिजे.

मग शेगडीचे कॉक बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि दोन्ही जोडांवर, रेग्युलेटरभोवतीही साबणाचा फेस लावा. बुडबुडा वाढत गेला की गळती. काडी ओढून कधीही तपासू नका. रेग्युलेटर लावतानाच वास येत असेल तर सिलिंडरच्या तोंडातलं रबरी वॉशर फाटलेलं असण्याची शक्यता मोठी, म्हणून सिलिंडर घेतानाच पोचवणाऱ्याकडून तपासून घ्या. गळतीचा आपत्कालीन क्रमांक 1906 आहे. हात थरथरत असतील तर हे काम एजन्सीच्या माणसाकडून करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

नळाची जाळी

प्लंबर तिला फोमफ्लो म्हणतात. पाण्यात हवा मिसळते, धार जाड दिसते, पाणी कमी जातं. शंभर-दीडशे रुपये. नळाच्या तोंडाला आटे बाहेरून असतील तर बहुधा 22 मिलिमीटरची, आतून असतील तर 24 ची लागते. आटेच नसतील तर नाद सोडा. रबरी वॉशर विसरू नका, हाताने आवळा, पक्कड लावायचीच तर मध्ये फडकं घ्या.

लिटरची बाटली किती सेकंदांत भरते ते मोजा. सहा सेकंद म्हणजे मिनिटाला 10 लिटर. मिनिटाला 3 लिटर देणारी जाळी बसवली की तीच बाटली वीस सेकंद घेईल. पण टाकी तुमच्या लगेच वरच्या गच्चीवर असेल तर पाण्याला तीन मीटरचाच, म्हणजे 0.3 बार दाब मिळतो आणि 3 लिटरची जाळी नुसती ठिबकते. तिथे 6 लिटरची घ्या. वरच्या मजल्यावरच्या लोकांची या जाळीबद्दलची नाराजी इथूनच येते. बादलीच्या नळाला बसवण्यात काहीच अर्थ नाही, बादली तेवढीच भरायची असते. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की जाळीत रेती साठते. काढून उलटी धुवा, क्षार धरले असतील तर अर्धा तास व्हिनेगरमध्ये ठेवून जुन्या टूथब्रशने घासा.

टायरचा दाबमापक

पंपावरचा काटा रोज हजार हातांतून जातो. दीड-दोनशेचा खिशातला मापक असला की गाडी सकाळी, थंड असताना तपासता येते. चालवून आल्यावर टायर तापतो आणि दाब जास्त दिसतो, म्हणून पंपावर पोहोचून घेतलेलं माप फसवं. किती दाब हवा ते गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतं. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या टायरचा आकडा वेगळा दिलेला असतो. मापक तिरका लावला तर हवा सुसू निघते आणि आकडा कमी येतो, तेव्हा सरळ आणि एका दमात दाबा. पंधरा दिवसांत एकाच टायरचा दाब चार-पाच पौंडांनी उतरत असेल तर वॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी लावा. तिथे बुडबुडा नसेल तर खिळा शोधा.

घेऊ नयेत अशा दोन वस्तू

ओढून धार लावायचं व्ही आकाराचं यंत्र: सुरीतून धातू ओरबाडून काढतं, धार आठवडाभर टिकते, पातं मात्र झपाट्याने झिजतं. आणि रस्त्यावर मिळणारा बिनछापाचा हिरवा गॅस पाइप, मग तो कितीही स्वस्त असो.